अंगणवाडी : अंगणात भरलेल्या शाळेचा इतिहास

१/ ‘अंगणवाडी’ म्हटले की खिचडी, वजनकाटा आणि लसीकरणाची नोंदवही डोळ्यांसमोर येते. परंतु या कल्पनेचा जन्म झाला तो शिक्षणाच्या प्रश्नातून. जे मूल शाळेपर्यंत येऊ शकत नाही, त्याचे काय करायचे, हा तो प्रश्न.

२/ १९०७ साली डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब श्रमिकांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. मुलाच्या हाती योग्य साधन द्यावे आणि त्याला स्वतः शिकू द्यावे, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. मात्र ही साधने महाग होती. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली पद्धत पुढे बहुतांशी सुखवस्तू घरांची झाली.

३/ भारतात हा विचार रुजवणाऱ्यांत गिजुभाई बधेका अग्रणी होते. वकिली सोडून त्यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्रमुखपद सोडून ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

४/ १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभारले. ते नावारूपाला आले; पण तेथे येणारी मुले होती शहरी मध्यमवर्गाची. खेड्यातील मुलाला हे शिक्षण का मिळू नये, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

५/ १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. सोबतीला आल्या अनुताई वाघ. बालपणीच विवाह आणि वैधव्य वाट्याला आलेल्या अनुताईंनी शिक्षण पुरे करून पुण्यात अध्यापन केले होते. तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या.

६/ बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले येईनात. अस्पृश्यतेची भिंत होती, दारिद्र्य होते, धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे कामही त्यांच्याच अंगावर होते. तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली. कुणाच्या तरी अंगणात मुलांना स्वच्छ करायचे, गाणी-गोष्टी सांगायच्या, खेळ मांडायचे. हीच अंगणवाडी.

७/ महागड्या साधनांची जागा शिंपल्यांनी, चिंचोक्यांनी, खड्यांनी आणि पानांनी घेतली. मोजणे, लावणे, रंग आणि आकार ओळखणे हे सारे त्यातून साधले. तत्त्व माँटेसरींचेच राहिले. खर्च जवळजवळ नाहीसा झाला.

८/ १९५०च्या दशकात हे कार्य कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात गेले. येथील मुले दिवसभर गुरे राखत. म्हणून शाळा चराईच्या रानात भरू लागली. ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ही येथेच आकारास आली.

९/ १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले. अनुताई मात्र १९९२ मधील मृत्यूपर्यंत कोसबादशीच जोडलेल्या राहिल्या.

१०/ या विस्ताराची किंमतही होती. योजनेच्या सहा सेवांत पूर्वप्राथमिक शिक्षण ही केवळ एक. कुपोषणाशी झुंजणाऱ्या देशात आहार आणि लसीकरण पुढे येणे स्वाभाविकच होते. पण त्यामागे शिक्षण झाकोळले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही हक्क दिला तो ६ ते १४ वयोगटाला.

११/ सेविकेचे काम ‘मानसेवी’ ठरले. तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. ती ग्रॅच्युइटीस पात्र आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनचा टप्पा शिक्षणाच्या पायाभूत रचनेत घेतला आहे. म्हणजे अंगणवाडी ही शाळा आहे, हे बोर्डीत ठरलेले सूत्र धोरणात उतरण्यास पाऊणशे वर्षे लागली. ती चालवणारी बाई शिक्षिका आहे, हे मान्य होणे अजून बाकी आहे.