छपराखालचे विक्रम, उघड्यावरचे आक्षेप

बर्मिंगहॅम, मार्च २०१८. जागतिक इनडोअर अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत पुरुषांच्या ४०० मीटरची तिसरी प्राथमिक फेरी. पाच जण उभे राहिले आणि पाचही बाद झाले. एकाने इशाऱ्याआधीच धाव घेतली, बाकीच्या चौघांचे पाऊल वळणावर लेनच्या आतल्या रेषेवर पडले. त्या फेरीतून पुढे कोणी गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी अंतिम शर्यतीत स्पेनचा ऑस्कर हुसिल्योस ४४.९२ सेकंदांत पहिला आला, डॉमिनिकन रिपब्लिकचा लुगेलिन सांतोस दुसरा. थोड्याच वेळात दोघेही त्याच रेषेपायी बाद ठरले आणि चेक प्रजासत्ताकाच्या पावेल मास्लाकच्या गळ्यात सलग तिसरे सुवर्णपदक पडले.

हा किस्सा इनडोअरची टिंगल करायला फार उपयोगी पडतो. "सर्कस आहे ती, खेळ नव्हे," असे म्हणणारे जाणकार आपल्याकडे आहेत तसे युरोपातही आहेत. मला मात्र यातून नेमके उलटे दिसते. त्याकडे येण्याआधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा. प्रतिपक्षाचे म्हणणे लुळे करून मांडायचे आणि मग ते मोडून दाखवायचे, यात काही पराक्रम नाही.

पूर्वपक्ष असा. एक, बंद हॉलमध्ये वारा नाही, पाऊस नाही, ऊन नाही, म्हणून सगळे सोपे. दोन, तिथल्या वेळा आणि अंतरे मैदानी विक्रमांच्या पासंगाला पुरत नाहीत, म्हणून दर्जा कमी. तीन, खरे तारे तिकडे फिरकत नाहीत. उन्हाळ्याची ही हिवाळी तालीम, एवढेच तिचे मोल. भारतीय प्रेक्षक यात चौथा आक्षेप जोडतो, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: जिथे भाला नाही तिथे आपले काय? साठ मीटर धावण्याच्या हॉलमध्ये नीरज चोप्राचा भाला मावत नाही. थाळी आणि हातोडाही नाही. स्टीपलचेस नसल्यामुळे बीडच्या अविनाश साबळेलाही तिथे त्याची शर्यत नाही. क्रीडापानावर या स्पर्धेला तळाच्या चार ओळी मिळतात, त्या का, हे यावरून कळते.

आता पहिले दोन आक्षेप शेजारी ठेवून पाहा. सगळे सोपे असेल तर वेळा कमी प्रतीच्या का? आणि वेळा कमी प्रतीच्या असतील तर ते सोपे कसे? हा सरळसरळ वदतोव्याघात आहे. तरी एकच माणूस एकाच दमात दोन्ही बोलताना मी ऐकला आहे.

सोपेपणाची परीक्षा घ्यायला विल्सन किपकेटरइतका चांगला साक्षीदार नाही, कारण माणूस तोच आणि वर्षही तेच. मार्च १९९७ मध्ये पॅरिसच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत त्याने ८०० मीटर १ मिनिट ४२.६७ सेकंदांत जिंकली. हा इनडोअर विक्रम पाव शतकाहून जास्त टिकला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोलोनच्या मैदानावर तो १:४१.११ मध्ये धावला. अंतर दीड सेकंदाहून थोडे जास्त. ८०० मीटरमध्ये दीड सेकंद म्हणजे अकरा-बारा मीटर. त्या वर्षी जगात त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता, आणि छपराखाली मात्र तो स्वतःच्याच मागे बारा मीटर राहिला. म्हणजे सोपेपण गेले कुठे?

ते वळणात गेले. मैदानी ट्रॅक ४०० मीटरचा, त्याच्या वळणाची त्रिज्या साधारण साडेछत्तीस मीटर. इनडोअर ट्रॅक २०० मीटरचा, त्रिज्या सतरा मीटरांच्या आसपास. त्रिज्या निम्मी झाली की त्याच वेगाला आत खेचणारे बल दुप्पट लागते. किपकेटरच्या वेगाने मैदानी वळण घेताना अंग उभ्या रेषेपासून जेमतेम दहा अंश कलते, इनडोअरला ते वीस अंशांकडे जाते. म्हणून वळणावर ट्रॅकला आतल्या बाजूला सुमारे दहा अंशांचा उतार दिलेला असतो. "उतार आहे म्हणजे मदतच की!" हे वाक्य इथेच फसते. उतार पाय घसरू देत नाही, पण पायावरचा भार काही तो उतरवत नाही. ४०० मीटरच्या वेगाने हे वळण घेताना पायावर अंगाच्या वजनापेक्षा सुमारे दहा टक्के जास्त भार येतो. मैदानावर तो दोन-अडीच टक्के असतो. शिवाय सरळ पट्टी संपली की चढ आणि वळण सुटले की उतार, तेही दर काही सेकंदांनी. बर्मिंगहॅमचे रेषेवर पाऊल पडलेले ते सहा जण बेशिस्त नव्हते. पंचवीस अंश आत झुकलेल्या देहाला पाऊल रेषेच्या बाहेर ठेवायचे होते आणि ते जमले नाही, इतकेच. जी स्पर्धा जगातल्या उत्तम धावपटूंना एका पावलाच्या चुकीवर घरी धाडते, तिला सोपी कोणत्या तोंडाने म्हणायचे?

वाऱ्याचा मुद्दा तर पूर्वपक्षावरच उलटतो. मैदानी १०० मीटरमध्ये पाठीवर सेकंदाला दोन मीटरपर्यंतचा वारा चालतो, त्यापुढे वेळ विक्रमाला धरत नाहीत. म्हणजे १.९ मीटरच्या वाऱ्यात मिळालेली वेळ आणि समोरून वारा असताना झगडून काढलेली वेळ एकाच यादीत एकाच तराजूने मोजतात. छपराखाली हा जुगारच नाही. मार्च २०२२ मध्ये बेलग्रेडला इटलीचा मार्सेल जेकब्स आणि अमेरिकेचा ख्रिश्चन कोलमन दोघेही ६० मीटर ६.४१ सेकंदांत धावले आणि निकाल हजारांश सेकंदांवर लागला. तिथे वाऱ्याकडे बोट दाखवायची सोय कोणालाच नव्हती.

इनडोअरवाल्यांनी आपल्या घरातला जुगारही ओळखला होता, हे आवर्जून सांगायला हवे. २०० मीटरमध्ये आतल्या लेनला वळण इतके तीव्र पडते की लेनची चिठ्ठी निघाली की शर्यत निम्मी ठरायची. म्हणून २००४ च्या बुडापेस्टनंतर ही शर्यत जागतिक इनडोअर स्पर्धेतून काढूनच टाकली. ४०० मीटरमध्ये तो दोष आजही थोडा शिल्लक आहे, हे मी मान्य करतो. तरी ती राहावी असे मला वाटते, कारण पहिल्या फेरीनंतर लेन मोडतात आणि मग आत घुसण्यासाठी जी कोपराकोपरी होते, ती मैदानावर कुठे पाहायला मिळणार?

दर्जाचा प्रश्न उड्यांपाशी निकालात निघतो. तिथे वळण नाही, फक्त माणूस आणि गुरुत्वाकर्षण. सर्गेई बुबकाने फेब्रुवारी १९९३ मध्ये दोनेत्स्कच्या हॉलमध्ये बांबूउडीत ६.१५ मीटर ओलांडले आणि पुढच्या वर्षी सेस्त्रिएरला उघड्यावर ६.१४. त्या काळच्या नियमाने मैदानी विक्रम ६.१४ राहिला. म्हणजे एकाच माणसाची कमी उंचीची उडी वीस वर्षे 'जागतिक विक्रम' म्हणून मिरवली आणि एक सेंटिमीटर उंच उडी बाजूच्या रकान्यात पडून राहिली. २००० पासून छप्पर असो वा नसो, उडी ती उडी असा नियम झाला आणि निदान पुढच्या उड्यांपुरता हा हास्यास्पद प्रकार संपला. मग काय झाले? आर्मांड डुप्लांटिसचे बांबूउडीतले पहिले चारही विक्रम, ६.१७ ते ६.२०, छपराखालचे. ६.१७ पासून ६.३० पर्यंतच्या त्याच्या चौदा विक्रमांपैकी सहा हॉलमधले आहेत. ६.२० तर २० मार्च २०२२ ला जागतिक इनडोअर स्पर्धेतच, बेलग्रेडला. त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासने शेवटच्या प्रयत्नात तिहेरी उडीत १५.७४ मीटर गाठले. टोकियो ऑलिंपिकमधल्या तिच्याच १५.६७ च्या पुढे सात सेंटिमीटर. इथे पासंगाला कोण पुरत नाही, ते वाचकाने ठरवावे.

ताऱ्यांच्या मुद्द्यावर इनडोअरचे समर्थकच घोटाळा करतात. ते म्हणतात, पाहा, जेकब्सने मार्च २०२१ मध्ये टोरुनला युरोपियन इनडोअरची ६० मीटर जिंकली आणि ऑगस्टमध्ये ऑलिंपिकची १००; नोआ लाइल्स २०२४ मध्ये ग्लासगोला कोलमनच्या मागे दुसरा आला आणि पॅरिसला सुवर्ण घेऊन गेला. खरे आहे. पण हे सांगताना त्यांनी 'तालीम' हा आरोपच कबूल करून टाकला. घोड्याची किंमत वरातीवरून ठरवण्यासारखे हे आहे. ग्लासगोत ६० मीटरमध्ये जगात सर्वांत वेगवान कोलमन होता, ६.४१ सेकंदांत, आणि त्या संध्याकाळी पॅरिसशी त्याचा काही संबंध नव्हता. उसेन बोल्ट जागतिक इनडोअर स्पर्धेत कधी उतरला नाही, हेही खरे. सहा फूट पाच इंच उंचीच्या बोल्टची धाव उत्तरार्धात खुलायची, आणि साठ मीटरला उत्तरार्ध असतोच कुठे? रेषा ओलांडल्यावर काही पावलांतच समोर जाड गाद्यांची भिंत येते आणि धावपटू तीवर जाऊन आदळतात. ही शर्यत दुसऱ्या जातीच्या धावपटूची आहे.

राहिला भारतीय आक्षेप. गुलवीर सिंग २१ फेब्रुवारी २०२५ ला बोस्टनच्या इनडोअर ट्रॅकवर ५००० मीटर १२:५९.७७ मध्ये धावला. तेरा मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. तो ट्रॅक वेगवान म्हणून नावाजलेला आहे, हे लपवायचे कारण नाही. मैदानावर या अंतराला साडेबारा फेऱ्या आणि पंचवीस वळणे लागतात. गुलवीरने त्या दिवशी पंचवीस फेऱ्या मारल्या आणि पन्नास वळणे घेतली.