स्कुबा रेग्युलेटरची निगा : खर्च किती आणि कशासाठी?

भिवंडी, ठाणे, कल्याण परिसरातील तरुण मंडळी सुटीत मालवण-तारकर्लीची वाट धरतात, ती आता केवळ मासळी आणि सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी नव्हे. मालवणच्या किनाऱ्यालगतचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. पुढे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कुबा डायव्हिंगच्या प्रशिक्षणाची संस्था उभी केली. पाण्याखालची दुनिया पाहण्याचा छंद त्यामुळे मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आला. काहींनी तर स्वतःची साधने विकत घेतली. मात्र साधन घेताना किमतीची जेवढी चौकशी होते, तेवढी त्याच्या देखभालीची होत नाही.

२४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे पर्यटकांना घेऊन परतणारी बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. बोट, जीवरक्षक जाकिटे, प्रवासी क्षमता या बाबी अशा दुर्घटनेनंतर चर्चेत येतात. पाण्याखाली ज्या यंत्रातून श्वास घेतला जातो, त्या रेग्युलेटरकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

रेग्युलेटर म्हणजे काय?

पाणबुड्याच्या पाठीवरील सिलिंडरमध्ये हवा सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते. हा दाब थेट फुफ्फुसांत घेणे अशक्य. म्हणून तो दोन टप्प्यांत उतरवला जातो. सिलिंडरच्या तोंडाशी बसणारा पहिला टप्पा हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ८ ते १० बार अधिक एवढ्यावर आणतो. तोंडात धरावयाचा दुसरा टप्पा, पाणबुड्याने श्वास ओढताच, भोवतालच्या दाबाइतकीच हवा देतो. दर १० मीटर खोलीला सुमारे एक बार दाब वाढतो आणि यंत्राला त्या बदलाशी प्रत्येक श्वासाला जुळवून घ्यावे लागते. सोबत्याची हवा संपल्यास उपयोगी पडणारा आणखी एक दुसरा टप्पा संचात असतो, त्याला ऑक्टोपस म्हणतात.

या यंत्राचे आधुनिक रूप १९४३ साली फ्रान्समध्ये जॅक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी सिद्ध केले. युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी गॅसवर चालविल्या जात. त्यासाठी गान्यां यांनी तयार केलेली झडप पाणबुड्यांसाठी रूपांतरित करण्यात आली. तत्त्व आजही तेच आहे. आगीच्या धुरात शिरणारे अग्निशामक जवान पाठीवर घेतात त्या श्वसनसंचातही दाब उतरविणारा टप्पा आणि मागणीनुसार हवा देणारी झडप असते. फरक इतकाच की, धूर आत येऊ नये म्हणून तेथे मुखवट्यातील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवला जातो. गोदामांच्या आगी वारंवार पाहणाऱ्या भिवंडीला त्या झडपेचे मोल वेगळे सांगावयास नको.

काय झिजते?

रेग्युलेटरचे धातूचे भाग अनेक वर्षे टिकतात. झिजतात ते रबरी कडे, उच्च दाब रोखणारी बैठक, पातळ पडदे आणि उच्छ्वासाची झडप. खारे पाणी सुकले की मिठाचे स्फटिक सांध्यात बसतात. वाळूचे कण त्यात भर घालतात. वापर नसतानाही रबर कडक होतेच. बंद पडलेला माग तेलपाण्याविना गंजतो, हे यंत्रमागधारकाला ठाऊक असते. येथेही न्याय तोच.

रेग्युलेटरची रचना अशी असते की बिघाड झाल्यास बहुधा हवा थांबत नाही, उलट अखंड वाहू लागते. ते दिलासादायक असले तरी निर्धोक नव्हे. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. २० मीटर खोलीवर मिनिटाला ६० लिटर वापर धरल्यास ती ४० मिनिटे पुरते. झडप उघडी राहिल्यास तीच हवा काही मिनिटांत संपते.

सर्व्हिसिंगमध्ये काय होते?

संपूर्ण सर्व्हिसिंगमध्ये यंत्र पूर्ण सुटे केले जाते. धातूचे भाग सौम्य द्रावणात ध्वनिलहरींच्या यंत्राने स्वच्छ करतात, रबरी भाग व गाळणी बदलतात, योग्य ते वंगण लावतात आणि जोडणीनंतर मधला दाब स्थिर राहतो की हळूहळू चढतो, हे दाबमापकावर तपासतात. जुनी गाळणीही बरेच सांगून जाते. हिरवट रंग आत पाणी शिरल्याचे, तांबूस रंग सिलिंडरमधील गंजाचे, तर काळा रंग कॉम्प्रेसरमधून आलेल्या काजळीचे लक्षण होय. बहुतेक उत्पादक दरवर्षी तपासणी आणि दोन वर्षांनी किंवा १०० डुबक्यांनंतर, जे आधी येईल तेव्हा, संपूर्ण सर्व्हिसिंग सुचवितात. काही कंपन्यांच्या मुदती वेगळ्या असल्याने सोबतची पुस्तिका पाहणे उत्तम.

खर्चाचा हिशेब

खर्चाचे तीन भाग पडतात : मजुरी, सुट्या भागांचा संच आणि ने-आण. अमेरिकेतील दुकानांत एका टप्प्याची मजुरी साधारण ३० ते ४० डॉलर आणि सुटे भाग २० ते ३५ डॉलर पडतात. पहिला टप्पा, दुसरा टप्पा आणि ऑक्टोपस मिळून खर्च १५० ते २२५ डॉलरच्या घरात जातो. मध्यम प्रतीचा नवा संच तेथे ५०० ते ८०० डॉलरना मिळतो, हे लक्षात घेतल्यास देखभाल स्वस्त नाही. आपल्याकडे सुटे भाग परदेशातून येतात. त्यामुळे वाहतूक आणि आयात शुल्काचा भार वाढतो. काही कंपन्यांनी सुटे भाग आजीवन मोफत देण्याच्या योजना राबविल्या. परंतु त्यातही मजुरी द्यावी लागते आणि ठरलेल्या मुदतीत सर्व्हिसिंग न झाल्यास सवलत संपते.

हा आकडा डुबक्यांवर विभागला की चित्र बदलते. १०० डुबक्यांना १५० ते २२५ डॉलर, म्हणजे एका डुबकीमागे दीड ते सव्वादोन डॉलर. दिवसातून पाच पर्यटकांना एकच संच देणाऱ्या व्यावसायिकाच्या १०० डुबक्या २० दिवसांतच पूर्ण होतात. त्याच्यासाठी वर्षाचा हिशेब निरर्थक ठरतो. त्याने डुबक्यांची नोंदवहीच ठेवावयास हवी. याउलट, वर्षातून सहा वेळा पाण्यात उतरणाऱ्या हौशी माणसाला दोन वर्षांत १२ डुबक्यांवर तेवढाच खर्च करावा लागतो. प्रत्येक डुबकीमागे साडेबारा ते पावणेएकोणीस डॉलर. अशांनी चांगल्या केंद्राचा संच भाड्याने घेणे अधिक शहाणपणाचे.

घरच्या घरी काय करावे?

प्रत्येक डुबकीनंतर पहिल्या टप्प्याचे धूळटोपण घट्ट बसवून यंत्र गोड्या पाण्यात धुवावे. सिलिंडर जोडलेला नसताना पाण्यात दुसऱ्या टप्प्याचे बटण दाबू नये. पाणी नळीतून आत शिरते. यंत्र सावलीत सुकवावे, नळ्या दुमडून ठेवू नयेत. धूळटोपण लावून तोंडाने हवा ओढून पाहावी. ती सहज येत असेल तर कोठेतरी गळती आहे असे समजावे. पावसाळ्यात बंद राहिलेला संच हंगामाच्या प्रारंभी तपासून घ्यावाच.

सर्व्हिसिंगला देताना तंत्रज्ञाला त्या विशिष्ट बनावटीचे प्रशिक्षण आहे काय, मूळ कंपनीचेच भाग वापरले जातील काय, बदललेले जुने भाग परत मिळतील काय आणि मधल्या दाबाची नोंद लेखी मिळेल काय, हे विचारावे. जोडणीतील चूक पहिल्याच वापरात उघड होण्याचा संभव असल्याने सर्व्हिसिंगनंतरची पहिली डुबकी उथळ पाण्यात घ्यावी.

भाड्याने साधने घेणाऱ्या पर्यटकानेही संकोच न करता शेवटचे सर्व्हिसिंग केव्हा झाले, हे विचारावे. नोंद ठेवणारा केंद्रचालक ती आनंदाने दाखवील. ज्याच्यापाशी नोंद नाही, त्याच्या दराची सवलत कितीही मोठी असली तरी तेथे पाण्यात न उतरणेच इष्ट.