महाराष्ट्रातील प्रौढशिक्षण आणि व्यवहारगणित : एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील प्रौढशिक्षणाचा इतिहास प्रामुख्याने साक्षरतेचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. किती प्रौढ लिहू-वाचू लागले, किती अंगठ्यांच्या जागी सह्या आल्या, कोणते गाव वा कोणता जिल्हा साक्षर झाला, याची नोंद त्यात सापडते. प्रौढांच्या हिशेबाचे काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच स्वतंत्रपणे विचारला जातो. वास्तविक निरक्षर असणे म्हणजे हिशेब न येणे नव्हे. बाजार, मजुरी, वाटेकरी आणि उसनवारी यांत वावरणाऱ्या माणसाला रोजच गणित करावे लागते.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. येथील प्रौढांजवळ अपूर्णांकांवर आधारलेले तोंडी गणित होते. त्यांची खरी अडचण लेखी हिशेबाशी होती. आणि प्रौढशिक्षणाच्या योजनांनी या तोंडी गणिताला आपला पाया मानले नाही, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

तोंडी गणिताची परंपरा

पंतोजींच्या शाळेत मोडी लेखनाबरोबर उजळणीला महत्त्वाचे स्थान होते. पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करावी लागे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ही घोकंपट्टी निरर्थक नव्हती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर आणि शेराचे सोळा छटाक अशी मापे असताना निम्मे, पाव आणि अर्धपाव हेच व्यवहाराचे स्वाभाविक भाग होते. चार आणे शेर भावाने सात शेर माल घेतला, तर सातची पावकी आठवावयाची: पावणेदोन, म्हणजे एक रुपया बारा आणे. कागदाची गरज पडत नसे.

पंतोजींच्या शाळेचा लाभ मर्यादित वर्गालाच मिळत होता. स्त्रिया आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती तिच्या बाहेर होत्या, शेतकरी कुटुंबांतील मुलेही तेथे फारशी पोहोचत नसत. तथापि पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडे ही परिभाषा शाळेच्या भिंतीत अडकलेली नव्हती. ती बोलीभाषेचा भाग होती व आजही आहे. त्यामुळे शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसालाही अपूर्णांकांची चांगली समज भाषेतून आणि बाजारातून मिळत असे.

लेखी हिशेब आणि सावकाराची वही

मग निरक्षर शेतकरी हिशेबात का नाडला गेला? याचे उत्तर लेखी हिशेबाच्या मालकीत सापडते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो आसपासच्या गावांत व अहमदनगर जिल्ह्यात पसरला. या उठावाचे वैशिष्ट्य असे की, जमावाचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या कागदांवर होता. ते हस्तगत करून जाळण्यात आले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे, परंतु ज्यातील आकडा आपल्याला ताडून पाहता येत नाही, त्या कागदाविरुद्धचा तो रोष होता.

त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्याला पैसे भरल्याची लेखी पावती, वार्षिक हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा अधिकार दिला. अधिकार महत्त्वाचा होता. पण पावती वाचता येत नसेल आणि व्याजाची आकारणी पडताळता येत नसेल, तर तो अधिकार दुसऱ्याच्या मध्यस्थीवरच अवलंबून राहणार होता.

महात्मा जोतीराव फुले यांनी ही गोष्ट नेमकी ओळखली होती. त्यांनी १८५५ मध्ये श्रमिकांसाठी रात्रशाळा सुरू केली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणक्रमात मोडी व बाळबोध लेखन-वाचनाच्या जोडीला हिशेबाचा समावेश मागितला. वह्या आणि दस्तऐवज मोडीत असत, हे लक्षात घेता या मागणीचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट होतो. लिपी आणि हिशेब या दोन्हींवर ताबा आल्याशिवाय कष्टकऱ्याला वही उघडून जाब विचारता येणार नव्हता.

दशमान पद्धतीचे संक्रमण

स्वातंत्र्यानंतर व्यवहारगणितात मोठे स्थित्यंतर झाले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. १९५६ च्या वजनमापविषयक कायद्यानुसार ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. शालेय मुलांसाठी हा बदल सोयीचा होता. प्रौढांच्या दृष्टीने मात्र आयुष्यभराचे तोंडी गणित काही वर्षांत अपुरे पडू लागले.

एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पूर्णांकांच्या कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नये पैसे धरले गेले. त्यामुळे एकेक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर १८ आणि एकत्र घेतल्या तर १९ नये पैसे होत. वजनांची अडचण याहून मोठी होती. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. म्हणजे शेराला चौदा आणे असलेला भाव किलोला जवळजवळ पंधरा आणे, अर्थात ९४ नये पैसे होतो. किलोला एक रुपया मागणाऱ्या दुकानदाराने भाव वाढवला की नाही, हे ठरविण्यास गिऱ्हाइकाला दोन रूपांतरे एकाच वेळी करावी लागत होती.

याच वर्षांत, १९५९ मध्ये, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. संपूर्ण गावाने साक्षरतेचा संकल्प करावा व तो पूर्ण झाल्यावर ग्रामगौरव समारंभ व्हावा, ही तिची रीत लोकसहभागाचे उत्तम उदाहरण ठरली. नाणी, वजने आणि मापे बदलत असतानाची ही मोहीम व्यवहारगणितासाठी मोठी संधी होती. परंतु तिचे स्मरण उरले ते साक्षर गावांची मोहीम म्हणूनच. दशमान पद्धतीबरोबर शाळांच्या पाठांतरातून पावकी-दीडकी मागे पडली. प्रौढांच्या बोलण्यातून मात्र पाव आणि दीड गेले नाहीत. शालेय गणित आणि लोकगणित यांची फारकत येथे वाढली.

राष्ट्रीय कार्यक्रम आणि वगळलेला अपूर्णांक

२ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाने साक्षरतेला व्यवहारोपयोगी कौशल्य आणि सामाजिक जाणीव यांची जोड दिली. ५ मे १९८८ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाने एक पाऊल पुढे टाकून अंकज्ञानाचे निकष निश्चित केले. त्यांत १ ते १०० अंकांचे ज्ञान, साधी आकडेमोड, मेट्रिक वजने-मापे, चलन, अंतर, क्षेत्रफळ व वेळ यांचा परिचय आणि प्रमाण व व्याज यांची तोंडओळख अपेक्षित होती.

या निकषांतील एक अट मात्र विचार करण्याजोगी आहे. आकडेमोड आणि व्याज ही दोन्ही अपूर्णांक टाळून शिकवावयाची होती. नवशिक्याला सोपे जावे, हा हेतू उघड आहे. परंतु जो प्रौढ दीड पायली, सव्वा एकर आणि पावशेर असे बोलत वर्गात येतो, त्याला पूर्णांकांपासून नवीन प्रारंभ करावयास लावणे म्हणजे त्याची जमेची बाजू बाजूला ठेवणे होय. शिवाय दरमहा शेकडा दीड वा अडीच रुपये असा व्याजाचा दर अपूर्णांकाशिवाय समजतच नाही. ज्या ठिकाणी फसवणुकीचा धोका अधिक, नेमके तेच गणित अभ्यासक्रमाबाहेर राहिले.

तोंडी आणि लेखी गणितातील अंतर किती मोठे असते, याचा प्रसिद्ध दाखला ब्राझीलमधील आहे. रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या ९ ते १५ वयोगटातील पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्रीच्या प्रसंगी त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तशीच आकडेमोड संदर्भाविना दिली असता हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. अभ्यास लहान आहे आणि तो प्रौढांचा नाही. तरीही लेखी परीक्षेतील अपयश हे गणित न येण्याचा पुरावा नसते, हे त्यातून दिसते.

म्हसवडचा दाखला

सातारा जिल्ह्यातीलच म्हसवड येथील माणदेशी महिला सहकारी बँकेचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने परवान्याचा पहिला अर्ज नाकारला. संस्थापिका चेतना गाला सिन्हा यांनी सांगितल्यानुसार, काही महिन्यांनी या स्त्रिया पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. दरम्यान त्यांनी साक्षरतेचे वर्गही सुरू केले होते. कोणत्याही मुद्दलावरील व्याज आम्हांला विचारा, आणि आपल्या अधिकाऱ्यांनाही ते यंत्राविना करावयास सांगा, असे आव्हान त्यांनी दिले. १९९७ मध्ये बँकेला परवाना मिळाला. या प्रसंगातील विशेष हा की, त्या स्त्रियांनी अक्षरओळखीची गरज नाकारली नाही; आपल्याजवळील हिशेबाला ज्ञान म्हणून मान्यता मागितली.

वर्तमान संदर्भ आणि समारोप

२०२२ पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, म्हणजेच ‘उल्लास’मध्ये, पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान यांचा एकत्र विचार आहे. १५० गुणांच्या चाचणीत वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण आहेत. अंकज्ञानाला मिळालेला हा तिसरा हिस्सा ही इतिहासाच्या दृष्टीने प्रगतीच आहे. परंतु व्यवहारही अधिक गुंतागुंतीचे झाले आहेत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, बोलणे एकर-गुंठ्यांत चालते. दहा हजारांचे कर्ज वर्षाला १२ टक्के सरसकट दराने घेऊन बारा समान हप्त्यांत फेडले, तर मुद्दल दरमहा घटत असूनही व्याज मूळ रकमेवरच लागते आणि प्रत्यक्ष दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळपास जातो. १८७५ चा शेतकरी वहीपुढे जसा होता, तसाच आजचा कर्जदार हप्त्यांच्या तक्त्यापुढे असतो.

या आढाव्यातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, प्रौढांच्या गणितवर्गाचा प्रारंभ त्यांच्या तोंडी रीतीपासून व्हावा आणि लेखी रीत तिच्या शेजारी मांडली जावी. दुसरा, पाव, अर्धा, पाऊण आणि दीड यांना प्रारंभीच स्थान मिळावे, कारण ते शिकणाऱ्याला आधीच ठाऊक असतात. तिसरा, सातबारा, खातेपुस्तक, वीजबिल आणि हप्त्याचा तक्ता हेच पाठ्यसाहित्य व्हावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना आणि विद्यापीठांच्या आजीवन अध्ययन विभागांना हे काम सहज हाती घेता येईल. मात्र शिकविण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम समोरच्या प्रौढाला, तुम्ही हिशेब कसा करता, हे विचारले पाहिजे. आजवरच्या बहुतेक योजनांत हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला आहे.