पाणपट्टीचा हिशेब कोणीं पाहावा?

वाशिम म्हणजे जुनें वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या क्षेत्रांत एकशें आठ तीर्थें होतीं अशी परंपरा आहे, आणि पद्मतीर्थ आजहि तिची आठवण देतें. त्या काळीं तळें बांधणारा पुण्य जोडी. घागर भरणारास दाम पडत नसे. तथापि जुन्या काळाचे केवळ गोडवे गाणें अप्रामाणिकपणाचें होईल. तळें सार्वजनिक असूनहि तें सर्वांस मोकळें नव्हतें, म्हणूनच १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. आज वाशिम शहराची तहान एकबुर्जी धरण भागवितें. धरण, पंप आणि नळ आले म्हणजे खर्च आला, आणि खर्चामागून दर आला. दर देण्यास सुजाण नागरिकाची ना नाहीं. प्रश्न इतकाच कीं, तो ठरवितांना हिशेब कोणीं पाहावा?

या प्रश्नाचें पहिलें मोठें उत्तर लंडन शहरांत मिळालें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्या महानगरास आठ खासगी कंपन्या पाणी पुरवीत. प्रत्येकीचें क्षेत्र वांटलेलें असल्यामुळें ग्राहकास दुसऱ्या दुकानीं जाण्याची सोय नव्हती. पाणपट्टी पाण्याच्या मापावर नसून घराच्या वार्षिक मूल्यावर बसे. घरांचें मूल्य वाढलें कीं पाण्याचा एक थेंबहि न वाढतां कंपनीची प्राप्ति वाढे. आर्चिबाल्ड डॉब्स या बॅरिस्टरानें यावर आक्षेप घेतला. 'वार्षिक मूल्य' म्हणजे घराचें स्थूल मूल्य कीं निव्वळ, एवढाच त्याचा मुद्दा! वाद थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८८३ सालीं निकाल डॉब्सच्या बाजूनें लागला. त्यानंतर जागोजाग पाणी-ग्राहकांचे संघ उभे राहिले. पुढें १९०२ च्या कायद्यानें त्या कंपन्या सार्वजनिक मंडळाकडे घेण्याचें ठरलें, आणि १९०४ सालीं मंडळानें कारभार हातीं घेतला. १९८९ सालीं इंग्लंडांत पाणीपुरवठा पुन्हां खासगी झाला, तेव्हां दरांवर लक्ष ठेवणारा स्वतंत्र नियामक नेमणें भाग पडलें. एका शतकाच्या अनुभवाचें सार हेंच कीं, जेथें विक्रेता एकच असतो तेथें बाजार ग्राहकाचें रक्षण करीत नाहीं. तें रक्षण हिशेबाच्या उजेडानेंच होतें.

महाराष्ट्रांत हा प्रश्न नव्या रूपानें आला. २००५ च्या कायद्यानें जलसंपत्ति नियमन प्राधिकरण स्थापन झालें आणि धरणांतील पाण्याचे ठोक दर ठरविण्याचा अधिकार त्यास मिळाला. पुण्याच्या 'प्रयास' सारख्या संस्थांनीं दरांच्या पायाभूत तत्त्वांवर हरकती मांडल्या. पहिला ठोक दरांचा आदेश २०११ सालीं निघाला. हा ठोक दर शेतकरी, कारखानदार आणि नगरपालिका यांना लागतो, आणि नगरपालिकेच्या खर्चांतून तो अखेर गृहिणीच्या घागरींत उतरतो. मुंबईंतील सुनावणी वाशिमच्या माजघराशीं अशी जोडलेली आहे.

लातूरचा धडा अधिक कडू आहे. तेथील पाणीवाटप २००८ सालीं दहा वर्षांच्या करारानें एका खासगी कंपनीकडे दिलें गेलें. नागरिकांनीं तीव्र विरोध केला आणि ती व्यवस्था टिकली नाहीं. कराराच्या अटी लोकांपुढें आधीं मांडल्या जाव्या, करार झाल्यावर नव्हे, हा त्यांतला बोध होय. परंतु न्याय्य पुरवठ्याचा प्रश्न केवळ विरोधानें सुटत नाहीं, हेंहि तेंच शहर सांगतें: एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें तेथें पाणी न्यावें लागलें.

म्हणून दरवाढीस डोळे मिटून विरोध करणारा आणि डोळे मिटून पैसे भरणारा, असे दोघेहि आमच्या मतें सारखेच चुकतात. गळती किती, वसुली किती, पंपाच्या विजेचें देयक किती, आणि गरिबाच्या किमान गरजेचें पाणी कोणत्या दरानें, हें आपल्या भाषेंत विचारणारा तिसरा नागरिक हवा. डॉब्सनें क्रांति केली नाहीं. त्यानें कायद्यांतील दोन शब्द नीट वाचले. आमच्या सुशिक्षित कुटुंबांत पाणपट्टीचा कागद वाचून त्याचा जाब विचारणारा एक जरी निघाला, तरी पूर्वजांच्या तळें बांधण्याइतकेंच तें पुण्यकर्म ठरेल.