एकाच चुलीवरची भाकरी



आमच्या शेजारच्या आजी गेल्याला या दशलक्षण पर्वात एक वर्ष होईल. गल्लीतल्या कितीतरी सुनांना पुरणाचा कट आणि पापडाचं पीठ त्यांनीच शिकवलं. पण त्यांची आठवण निघाली की मला पहिल्यांदा आठवतात त्यांच्या फडताळातले स्टीलचे पेले. सगळे एकसारखे. भांडी घासायला येणारी बाई असो, गॅसचा माणूस असो की बस्तीतले पंडितजी, चहा त्याच पेल्यातून. नवी लग्न होऊन आले तेव्हा मला ते जरा खटकलं होतं. माझ्या माहेरी बाईचा कप खिडकीत वेगळा असायचा. मी धीर करून विचारलं, तर आजी एवढंच म्हणाल्या, "अगं, माझे वडील साताऱ्याच्या बोर्डिंगात वाढले. लक्ष्मीबाईंच्या हातची भाकरी खाल्लेल्या माणसाची मी लेक."

त्या लक्ष्मीबाईंची गोष्ट आज सांगते. कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आपल्या समाजात अभिमानाने घेतलं जातं. घरातल्या लक्ष्मीबाईंची आठवण मात्र एका मंगळसूत्रापुरतीच राहिली आहे.

लक्ष्मीबाई म्हणजे कुंभोजच्या पाटलांची लेक. माहेरचं नाव आदाक्का. बाहुबलीच्या डोंगरामुळे कुंभोज आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. खातंपितं, धर्माला धरून चालणारं दिगंबर जैन घर, अंगावर भरपूर सोनं. सासर सांगलीकडच्या ऐतवडे बुद्रुकच्या पाटलांचं. तेही जैनच, म्हणजे दोन्हीकडे आचार सारखा: गाळलेलं पाणी, दिवस मावळायच्या आत जेवण, आणि त्या काळाच्या रीतीप्रमाणे शिवाशिवही.

नवरा मात्र वेगळ्याच मुशीतला. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना भाऊराव अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले. परत आल्यावर आंघोळ करूनच जेवायला बसायचं, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी ते मानलं नाही आणि बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकले, ओगल्यांचे कंदील विकले. त्यासाठी गावोगाव फिरताना शाळेवाचून राहिलेली पोरं त्यांना दिसली. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह.

वसतिगृह म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे इमारत येते. सुरुवातीला तिथे खरं होतं ते स्वयंपाकघर. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी मुलं एका पंगतीला. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याला आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. गांधीजींनीही कौतुक केलं ते याच एकत्र राहण्या-जेवण्याचं.

आता जरा त्या बाईच्या जागी उभं राहून बघा. भाऊराव धान्य आणि पैसे गोळा करत गावोगाव फिरायचे. मागे राहिलेल्या मुलांची भूक तिच्या पदरात. त्यातलं कुणी आजारी पडलं तर उशाशी तीच. सोवळ्यात वाढलेल्या बाईने ज्यांची सावली टाळायला तिला शिकवलं होतं, त्याच पोरांना पोटाशी धरलं. हे एका दिवसात झालं नसणार. लहानपणापासून अंगात भिनलेलं सोडणं किती अवघड असतं, हे सासर-माहेरच्या चालीत अडकलेल्या आपल्याला कुणी सांगायला नको. नवऱ्याचा विचार मोठा होता हे खरंच. पण तो विचार रोज सकाळ-संध्याकाळ परातीत मळावा लागला तो तिला.

आणि मग दागिने. पैसे संपले की एक-एक डाग मोडायचा, असं करत माहेरचं सोनं मुलांच्या पोटात गेलं. एकदा घरात धान्याचा दाणा नव्हता, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्रही काढून दिलं आणि मुलांना जेवू घातलं. नवरा हयात असताना मंगळसूत्र उतरवणं त्या काळी किती अशुभ मानलं जायचं, ते आपल्या आज्यांना विचारा. लोक काय म्हणतील, सासर-माहेर काय म्हणेल, सगळं बाजूला ठेवून त्या बाईने आधी पंगत वाढली.

आपण परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतो. इतक्याच साड्या, इतकंच सोनं. आहारदान, औषधदान, ज्ञानदान, अभयदान ही चारही दानं तोंडपाठ असतात. लक्ष्मीबाईंनी ही चारही दानं एकाच छपराखाली केली असं मला वाटतं. भुकेल्याला भाकरी, आजाऱ्याची सेवा, शाळेचा रस्ता, आणि "तू हलका नाहीस" हे अभय.

१९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचा पुढे झालेला वटवृक्ष त्यांनी पाहिला नाही. भाऊरावांना १९५९ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ९ मे रोजी तेही गेले. आज रयतच्या शाळा-कॉलेजांतून लाखो मुलं-मुली शिकतात. तिथे लक्ष्मीबाईंना 'रयतमाउली' म्हणतात.

मैत्रिणींनो, चौक्याची शुद्धी मी मानते. मुनिमहाराजांचा आहार असतो तेव्हा सगळे नियम मीही पाळते, आणि आमच्या आजीही पाळायच्या. पण पाणी गाळायचं ते जीवदयेसाठी. समोरच्या माणसाला कमी लेखण्यासाठी ती शुद्धी नाही. हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. शेजारच्या फडताळातल्या सारख्या पेल्यांनी तो शिकवला, आणि ते पेले साताऱ्याच्या त्या पंगतीतून आले होते.

आजी गेल्यावर त्यांच्या सुनेने त्यातले दोन पेले मला आठवण म्हणून दिले. मी ते शोकेसमध्ये ठेवलेले नाहीत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई आणि मी, रोज अकरा वाजता त्यातूनच चहा घेतो. माझ्या माहेरच्या खिडकीतला तो वेगळा कप मात्र अजून तिथेच आहे. या दिवाळीला गेले की आईशी बोलायचं ठरवलंय. तुमच्याकडे असा कप असेल, तर तुम्हीही बोलून बघा.