पेटीवरची पट्टी आणि पेटीतली आज्ञावली

नागपूरच्या मिहान परिसरात बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले विमान देखभाल केंद्र 2015 साली सुरू झाले. बोइंग 777 आणि 787 ही विमाने डोळ्यांसमोर ठेवून ते बांधले गेले. अशा ठिकाणी एक साधा वाटणारा प्रश्न सतत विचारावा लागतो: या विमानातील संगणकात सध्या कोणती आज्ञावली आहे? ते कळल्याशिवाय नवी भरायची की नाही, हे ठरत नाही.

पूर्वी हा प्रश्न अवघड नव्हता. आज्ञावली पेटीतल्या चिपमध्ये असे. ती बदलायची म्हणजे पेटी काढून कार्यशाळेत न्यायची, चिप बदलायची आणि पेटीवरच्या पट्टीवर नवा क्रमांक घालायचा. पट्टी वाचली की काम झाले.

पुढे विमानात बसवलेल्या पेटीतच नवी आज्ञावली किंवा माहिती भरण्याची सोय झाली. 1989 साली सेवेत आलेल्या 747-400 मध्ये दिशादर्शनाची माहिती साडेतीन इंची फ्लॉपीवरून भरत, आणि ही माहिती दर 28 दिवसांनी बदलते. पेटी तीच, पट्टी तीच, आत मात्र वेगळेच! आता पेटीलाच विचारणे भाग पडले. वैमानिक उड्डाणापूर्वी पडद्यावर त्या माहितीच्या तारखा पाहतो, ते यासाठीच.

आज्ञावलीसोबत तिचा क्रमांक आणि तिच्यातील सर्व अंकांवरून गणिताने काढलेली एक तपासणी-संख्या येते. पेटी ही संख्या स्वतः पुन्हा काढते. जुळली नाही तर आज्ञावली नाकारते. विचारल्यावर ती आपला क्रमांक सांगते, आणि अभियंता तो मंजूर यादीशी ताडून पाहतो. डेडस्टॉक रजिस्टर आणि प्रत्यक्ष पडताळणी हा प्रकार शिक्षकांना वेगळा सांगायला नको. आपल्या संगणकात बहुधा रजिस्टरवरच भागते. 1993 साली सुरू झालेल्या डेबियन प्रणालीत बसवलेल्या आज्ञावल्यांच्या आवृत्त्या एका साध्या फाइलीत नोंदलेल्या असतात. अद्ययावत करणारे साधन तीच नोंद वाचते. कोणी आतली फाइल परस्पर बदलली, तर नोंदीला त्याचा पत्ताही नसतो. घरी एवढ्याने चालते.

विमानात का चालत नाही? 2015 सालीच अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने 787 बाबत एक आदेश काढला. वीजनिर्मिती नियंत्रित करणाऱ्या पेट्या सलग 248 दिवस चालू राहिल्या, तर त्यांच्यातील एक गणक ओसंडतो. चारही मुख्य पेट्या एकदम सुरू केलेल्या असल्या, तर चारही एकदम बंद पडू शकतात, अगदी आकाशातसुद्धा. (विद्यार्थ्यांना 2 च्या 31 व्या घाताला आधी 100 ने, मग 86,400 ने भागायला सांगावे. उत्तर 248.55 येते, म्हणजे सेकंदाचे शंभरावे भाग मोजणाऱ्या गणकाशी हिशोब नेमका जुळतो.) तात्पुरता उपाय म्हणून ठरावीक मुदतीत वीज बंद करून पुन्हा सुरू करायची होती, खरा उपाय होता सुधारित आज्ञावली. ती कोणत्या विमानात भरली आणि कोणत्यात राहिली, हे पेटीच्या पत्र्याकडे पाहून मुळीच कळत नाही.