पोट उघडण्याआधी रक्ताचा एक थेंब

1982 च्या थंडीतली माझी पहिली रात्रपाळी. रायपूरच्या डी. के. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सर्जरीचा एक पीजी रक्ताची बाटली घेऊन धावत आला. "ताई, सिकलिंग करून द्या. सर म्हणाले, रिपोर्ट आल्याशिवाय टेबलवर घ्यायचं नाही." वॉर्डात बारा वर्षांचा मुलगा पोट धरून पडला होता.

मी थेंबभर रक्तात ताजं बनवलेलं दोन टक्क्यांचं सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळलं. वर कव्हरस्लिप ठेवली, कडांना व्हॅसलीन लावून हवा बंद केली आणि घड्याळाकडे बघत बसले. हे रसायन आतला प्राणवायू शोषून घेतं. मग निरोगी पेशी गोलच राहतात आणि सिकल सेल या आनुवंशिक रक्तदोषाच्या पेशी ताणल्या जातात, टोकं काढतात, विळ्यासारख्या वाकतात. अर्ध्या तासाने भिंगाखाली पाहिलं तर सगळीकडे विळेच विळे. आमच्याकडे धान कापायच्या विळ्याला हंसिया म्हणतात. त्या रात्री एका थेंबात मला हंसियांचं अख्खं शेत दिसलं.

रिपोर्ट घेऊन मी स्वतःच वॉर्डात गेले. मुलाच्या पोटावर उजवीकडे खाली आधीच एक टाक्यांचा व्रण होता. आई म्हणाली, "एक बेर चिरवाए हन, तभो ले पिराथे." एकदा कापून घेतलं, तरी दुखतंच. दुसरीकडे कुठेतरी ॲपेंडिक्स म्हणून ते पोट उघडलं होतं. रक्त मात्र कोणी तपासलं नव्हतं. आमच्या सरांनी त्याला टेबलवर घेतलं नाही. सलाइन, प्राणवायू, अंगावर दोन घोंगड्या, दुखण्यावरचं औषध, आणि दर दोन तासांनी पोटावर हात. तिसऱ्या दिवशी पोराने बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला रात्रीचा भात, मागितली.

पुढची पस्तीस वर्षं मी लॅबमध्ये काढली. छत्तीसगढमध्ये पोटाची शस्त्रक्रिया आणि ही तपासणी एकमेकींना कशा बांधल्या गेल्या, हे मी माझ्या टेबलावरून पाहिलं. मला तो इथल्या वैद्यकाचा सगळ्यात मोलाचा इतिहास वाटतो.

सिकल सेल आजाराची पहिली नोंदही एका ज्युनियरने पाहिलेल्या स्लाइडवरूनच झाली. शिकागोत ग्रेनाडाहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अर्नेस्ट आयर्न्स या इंटर्नला वाकड्या पेशी दिसल्या आणि त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ते छापलं. भारतात हा दोष 1952 मध्ये नीलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला. आणि 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. ते काम नागपूरचं. आम्हा रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांना नागपूर परकं नव्हतंच. आमचे पूर्वज नागपूरच्या भोसल्यांच्या कारभाराबरोबर रतनपूरला आले आणि तिथून रायपूरला. 1956 पर्यंत रायपूरची राजधानीही नागपूरच. इथल्या मुलाला डॉक्टर व्हायचं तर तो 1947 मध्ये निघालेल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजकडे बघायचा.

रायपूरला स्वतःचं मेडिकल कॉलेज मिळालं 1963 मध्ये. तरेंग्याचे मालगुजार दाऊ कल्याणसिंह यांच्या दानातून उभं राहिलेलं डी. के. हॉस्पिटल त्याला जोडलं गेलं. 2001 मध्ये बिलासपूरला कॉलेज निघेपर्यंत अख्ख्या छत्तीसगढसाठी हे एकच. म्हणून बस्तरपासून सरगुज्यापर्यंतची बिकट पोटं इथे यायची, बहुतेक उशिरा. टायफॉइडने लहान आतडं फुटलेली, अल्सर फुटून लाकडासारखी ताठ झालेली, हर्निया अडकलेली, ॲपेंडिक्सची. एमएसच्या विद्यार्थ्यांना थीसिससाठी विषय शोधत हिंडावं लागायचं नाही. वॉर्डातल्या खाटाच त्यांचा विषय. ते यादी घेऊन लॅबमध्ये यायचे. वय, गाव, किती दिवसांचं दुखणं, एक्स-रेत छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवा दिसली का, आत काय सापडलं, रुग्ण घरी गेला का. या रकान्यांत हळूहळू आणखी एक रकाना आला : सिकलिंग.

कारण सिकल पोटाच्या आजाराचं हुबेहूब सोंग घेतो. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथलं रक्त थांबतं, आणि मूल ॲपेंडिक्ससारखंच कळवळतं. अशा वेळी भूल दिली, अंग गार पडलं, पाणी कमी झालं, प्राणवायू घसरला, की आणखी पेशी वाकतात. न लागणारी शस्त्रक्रिया दुखण्यात भर घालते. पण याची दुसरी बाजूही सर आम्हाला सारखी बजावायचे. सिकलच्या मुलाचंही आतडं फुटू शकतं, त्यालाही खरं ॲपेंडिक्स होतं. माझी स्लाइड एवढंच सांगायची की दोष आहे. तो एका पालकाकडून आलेला आहे की दोघांकडून, हेसुद्धा तिला कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. म्हणून रिपोर्ट कुठलाही असो, पोटावरचा हात उचलायचा नाही. पोट मऊ होतंय की ताठ, आतड्यांचा आवाज येतोय की बंद, हे तासातासाला बघायचं.

काही पोटं मात्र सिकलमुळेच उघडावी लागायची. या पेशी लवकर फुटतात, त्यातून तयार होणारं पित्तद्रव्य साचतं आणि विशीच्या आतच पित्ताशयात खडे होतात. एकदा थिएटरमधून बाटलीत असे खडे आले. काळे, खडबडीत, चिमटीत धरले की भुगा होणारे. चाळिशीतल्या बायकांच्या पिवळसर, गुळगुळीत खड्यांशी त्यांचं काहीच साम्य नव्हतं. दुसरी गोष्ट पानथरीची. पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिलेलं असायचं की सिकलच्या रुग्णाची पानथरी लहानपणीच सुकून जाते. आमच्या वॉर्डात ती मोठी झालेली सापडायची, कधी बेंबीपर्यंत. भारतातल्या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकतं, त्यामुळे पानथरी बरीच वर्षं तग धरते. मग ती अचानक रक्ताने फुगते किंवा तिच्यात पू होतो, आणि सर्जनला हाक येते. हे ज्ञान बाहेरून आलेल्या पुस्तकात नव्हतं. ते याच भागातल्या खाटांवरून गोळा झालं, म्हणून मला त्या साध्या रकान्यांबद्दल इतका आदर आहे.

2007 नंतर सिकलची तपासणी वॉर्डातून शाळेत गेली. तिथे सोल्युबिलिटी टेस्ट करायचे. नळीतल्या द्रावणात रक्त टाकायचं आणि मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा बुडाल्या तर रक्त पुढच्या तपासणीला. रायपूर जिल्ह्यात 3 ते 15 वर्षांच्या 3,59,823 मुलांचं रक्त असं पाहिलं गेलं. प्रदीपकुमार पात्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत जमैकाचे ग्रॅहम सर्जेंटही होते, 2011 मध्ये निष्कर्ष छापले : 33,467 मुलं वाहक, म्हणजे 9.30 टक्के, आणि 747 मुलांना प्रत्यक्ष आजार. 1 जुलै 2023 ला शहडोलहून सिकल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तेव्हा मी निवृत्त होऊन घरी बसले होते. टीव्हीसमोर मला ते 747 आठवले. त्यांतलं प्रत्येक मूल कधी ना कधी पोट धरून कुठल्यातरी डॉक्टरसमोर उभं राहणार. त्या डॉक्टरच्या हातात तो आकडा नको, त्या मुलाचा रिपोर्ट हवा.

म्हणूनच 1982 च्या त्या पोराला घरी सोडलं तेव्हा मी एका जाड पुठ्ठ्यावर त्याचं नाव, रक्तगट आणि लाल शाईने 'सिकलिंग पॉझिटिव्ह' लिहून आईच्या हातात दिलं होतं. पुढे इलेक्ट्रोफोरेसिस झालं तेव्हा त्याखाली 'एसएस', म्हणजे दोष दोन्ही पालकांकडून आलेला, असंही लिहिलं. पदराच्या गाठीत बांध आणि कुठलाही डॉक्टर पोटाला हात लावायच्या आधी दाखव, असं तिला सांगितलं.

शाळांची तपासणी चालू होती त्या वर्षांत एक माणूस मला शोधत लॅबमध्ये आला. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिचा शाळेतला रिपोर्ट 'एएस' होता आणि त्याचा अर्थ त्याला माझ्याकडूनच ऐकायचा होता. मुलगी वाहक आहे, तिला हा आजार नाही, पण लग्नाच्या वेळी मुलाचं रक्त आधी तपासून घ्यायचं, हे मी दोनदा सांगितलं. त्याने शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पुठ्ठा काढला. घडीवर फाटलेला, लाल शाई तपकिरी झालेली, अक्षर माझं. मुलीचा कागद त्याने त्याच प्लॅस्टिकमध्ये, पुठ्ठ्याला लावून ठेवला.